जवळचा आवाज : परभणी आकाशवाणी आणि आपण



 आज मी परभणीच्या आकाशवाणी केंद्राविषयी बोलणार आहे. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या व्यासपीठावर परभणीचा विषय कशाला, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. आपल्या गावाला स्वतःचे केंद्र कधी नव्हते. पण परभणीच्या मनोऱ्यावरून निघालेली १३०५ किलोहर्ट्झची लहर शंभरेक किलोमीटर तुडवत आपल्या ओसरीवर, रानातल्या खोपीत, शिंप्याच्या आणि न्हाव्याच्या दुकानात येत होती. ती परभणीची जितकी होती तितकीच आपली होती.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या केंद्राची ताकद बेताची, पल्ला बेताचा. देशाच्या हिशेबात ते लहानच. परंतु त्याचा पल्ला बेताचा होता म्हणूनच बोलणारा आणि ऐकणारा एकाच आभाळाखाली होते. तिथे पाऊस लांबला की इथेही लांबलेला असे. हे नाते लहान केंद्रालाच जमते, आणि आज ते तुटू द्यायचे की नाही हे आपल्या हातात आहे. एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

मराठवाड्यात रेडिओ आला तो निजामाच्या राजवटीत. हैदराबादेत महबूब अली यांनी खासगीरीत्या छोटे केंद्र सुरू केले. ते लवकरच सरकारने ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादेतही एक लहान केंद्र आले. राज्यकारभाराची भाषा उर्दू असली तरी मराठी, तेलुगू आणि कानडीलाही थोडा वेळ मिळे. पण सेट होते कुणाकडे? जहागीरदार, बडे व्यापारी, वकील, अंमलदार. सामान्य रयतेला रेडिओ म्हणजे सत्तेचा आवाज, वरून खाली येणारा. आपल्या लातुरात वकिली केलेला कासिम रझवी निजामसमर्थक रझाकारांचा म्होरक्या झाला, तेव्हा या भागाने काय सोसले हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. त्या काळात सीमेपलीकडे कर्नूलमधून स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ‘भाग्यनगर रेडिओ’ नावाचे गुप्त केंद्र चालवले. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला शरणागती आली. ती निजामाने हैदराबाद रेडिओवरूनच जाहीर केली. सत्तेने ज्या यंत्रातून हुकूम सोडले, त्याच यंत्रातून तिला हार सांगावी लागली. रेडिओ कुणाच्या हातात आहे याला किती महत्त्व असते, हे मराठवाड्याने असे पाहिले.

१ एप्रिल १९५० रोजी संस्थानी केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. त्यांत हैदराबादबरोबर औरंगाबादही होते. पण थोड्याच वर्षांत औरंगाबादचे केंद्र बंद पडले. मुक्त झालेल्या मराठवाड्याला स्वतःचा आवाज मिळण्याऐवजी होता तोही गेला. २ ऑक्टोबर १९५३ला पुणे केंद्र सुरू झाले आणि आपण पुण्याचे श्रोते झालो. पुण्याने आपल्याला भरभरून दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९५५-५६मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे आलेले गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुण्याचेच. व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणदेशच्या मातीतला लेखक त्या केंद्राच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षे काम करत होता. तरीही पुण्याचा पाऊस वेगळा, पीक वेगळे, बोली वेगळी. मुळशीच्या भाताची लावणी ऐकून मुरुडच्या शेतकऱ्याने आपल्या तुरीचे काय करावे?

याच काळात पुणे केंद्रावर जो प्रयोग झाला, त्यावर मी जरा थांबणार आहे. कारण रेडिओ गावासाठी काय करू शकतो हे त्याने जगाला दाखवले. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, युनेस्कोच्या मदतीने, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत श्रोतेमंडळे स्थापन झाली. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे वीस कार्यक्रम झाले. ठरल्या वेळी पंधरा-वीस माणसे सेटभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची, मग सेट बंद करून त्यावर बोलायची. झालेली चर्चा आणि पडलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे, आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर द्यायचे. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्याचे सूत्र.

टाटा समाजविज्ञान संस्थेने याचे मूल्यमापन केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ त्याचे प्रमुख होते. श्रोतेमंडळ असलेली वीस गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी दहा, आणि रेडिओच नाही अशी दहा गावे त्यांनी पडताळून पाहिली. मंडळे असलेल्या गावांत शेती, आरोग्य, पंचायतीचा कारभार यांविषयीची माणसांची जाण इतरांपेक्षा कितीतरी वाढली. नुसता सेट असलेल्या गावांत तेवढा फरक पडला नाही. म्हणजे यंत्राने गाव शहाणे होत नाही. माणसे एकत्र बसून बोलली की होते. त्या चर्चांत एरवी पाटलासमोर तोंड न उघडणारा माणूसही बोलू लागला, हे मला त्या प्रयोगाचे सर्वात मोठे यश वाटते. प्रयोगात अडचणी आल्या त्याही ऐका. गावोगावच्या सार्वजनिक सेटची पहिली दुखणी बॅटरीची आणि दुरुस्तीची. बॅटरी उतरली की चावडीवरचा सेट महिनोन्‌महिने मुका.

हा प्रयोग झाला तेव्हा आपण मुंबई राज्यात नव्हतो. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. कोरडवाहू शेती, साक्षरता कमी, रस्ते तुटपुंजे. ज्या भागाला या प्रयोगाची सर्वात जास्त गरज होती, तो भागच त्यातून सुटला. मराठवाड्याचा अनुशेष म्हणून आपण रस्ते, सिंचन, कारखाने मोजतो. आवाजाचाही अनुशेष असतो, आणि तो कुठल्या समितीने मोजलेला नाही.

तो अनुशेष काही अंशी भरून काढला परभणीने. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात परभणीला मध्यम लहरींचे केंद्र उभे राहिले. प्रक्षेपकाची ताकद वीस किलोवॅट. पुण्याचा प्रक्षेपक शंभर किलोवॅटचा, नागपूरचा त्याहूनही मोठा. त्यांच्यापुढे हे धाकटे. पुढे औरंगाबादचे केंद्र पुन्हा सुरू झाले आणि त्याच्या जोडीने ‘आकाशवाणीचं औरंगाबाद-परभणी केंद्र’ ही उद्घोषणा आपल्या कानात घट्ट बसली.

मध्यम लहर चालते कशी, हे या सभागृहातल्या मुलामुलींसाठी थोडे सांगतो. १३०५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २३० मीटर. अशा लहरीसाठी मनोराच अँटेना असतो, आणि तो लहरीच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न मीटर उंच असला की काम चांगले होते. पण अर्धे काम जमिनीखाली चालते. मनोऱ्याच्या बुडापासून चारी बाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. दिवसा ही लहर जमिनीला धरून पसरते, म्हणून जमीन कशी आहे याला मोठे महत्त्व. खडकाळ, कोरड्या मुलखात लहर लवकर थकते. ओल धरणाऱ्या जमिनीवरून लांब जाते. आपली काळी माती ओल धरते. जी माती आपला कापूस आणि ज्वारी पोसते, तीच परभणीचा आवाज मुरुडपर्यंत वाहून आणत होती.

आणखी एक गोष्ट जुन्या माणसांना अनुभवाने ठाऊक आहे. ट्रान्झिस्टरच्या आत लोहभस्माच्या काळ्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मध्यम लहरी ती दांडी पकडते. परभणी आपल्याला ईशान्येला. रेडिओचे तोंड किंवा पाठ ईशान्येला केली की आवाज मोकळा येई. कूस तिकडे केली की पडत जाई. लहरींचे शास्त्र न शिकलेली आमची आजी रेडिओ बरोबर त्या अंगाला फिरवून ठेवायची. रात्र चढली की दूरदूरच्या केंद्रांच्या लहरी आकाशातून परतून येत, मग परभणीत दुसरीच भाषा मिसळे. म्हणून आपले खरे केंद्र दिवसाचे आणि तिन्हीसांजेचे.

रेडिओ घरात आणणे तेव्हा सोपे नव्हते. पोस्टातून लायसन्स काढावे लागे. त्याचे छोटे पुस्तक असे, आणि दरवर्षी पैसे भरून त्यात तिकिटे लावून घ्यावी लागत. सेल महाग. उतरलेले सेल उन्हात तापवून आणखी दोन-चार दिवस चालवायचे. ट्रान्झिस्टर सायकलच्या दांड्याला, औताच्या बैलांमागे, मोटेवरल्या लिंबाच्या फांदीला टांगलेला असे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे गाव रानात. आंबिलीचे बिंदगे आणि भज्जीचे गंज ठेवलेल्या कोपीजवळ रेडिओ वाजत असायचा.

आता त्या केंद्राच्या मुख्य कामाकडे येतो. प्रसारणाच्या सभा तीन असत : सकाळ, दुपार, संध्याकाळ. बातम्या, भक्तिगीते, महिलांचे आणि मुलांचे कार्यक्रम, पसंतीची गाणी, हे सगळीकडे असते तसेच होते. परभणीचे वेगळेपण संध्याकाळी, शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात. त्याच शहरात १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. लहान केंद्र आणि कृषी विद्यापीठ एकाच गावात असणे हा योग मराठवाड्याच्या भाग्याचा. ज्वारीवर काम करणारा शास्त्रज्ञ हाकेच्या अंतरावर; त्याला ध्वनिमुद्रणाला बोलवायचे, श्रोत्यांच्या कार्डांवरचे प्रश्न त्याच्यापुढे ठेवायचे.

१९६४मध्ये देशात सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली, आणि पुढच्या काही वर्षांत ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या बांधावर पोचला. बी दरवर्षी नवे घ्यायचे, खत किती आणि कधी द्यायचे, खोडमाशी टाळायची तर पेरणी लांबवायची नाही, ही सगळी माहिती कागदावर होती. पण कागद वाचणारे थोडे. ती कानावाटे आली, आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पारावर चार जणांना सांगितली. तंजावर भागात रेडिओवरून प्रसिद्ध झालेल्या भाताच्या एका वाणाला शेतकरी ‘रेडिओ तांदूळ’च म्हणू लागले. आपल्याकडे असे नाव पडले नाही, तरी कुठल्या वाणाचे बी घ्यावे यावर चालणाऱ्या वादात ‘परभणीवर सांगितलंय’ हे शेवटचे वाक्य असे.

ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात विश्वास होता आणि तो फुकट मिळालेला नव्हता. कार्यक्रमात बोलणारी माणसे ‘पाभर’ आणि ‘तिफण’ यांतला फरक जाणणारी होती. ‘कामून’ आणि ‘लई’ म्हणणारा शेतकरी मुलाखतीत तसाच बोलायचा. त्याची भाषा कुणी सोवळी करून घेत नसे. मुलाखत देणारा आपल्यासारखाच बोलतो हे ऐकून कितीतरी जणांना पहिल्यांदा वाटले असेल, की आपले बोलणेही सांगण्याजोगे आहे. गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळीची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांना माइकसमोर जागा मिळाली, हेही त्याच कामाचा भाग. गावच्या जत्रेत गाणाऱ्याला ‘रेडिओ कलाकार’ म्हणून मिळणारा मान मी जवळून पाहिला आहे.

१९७२चा दुष्काळ. खडी फोडणारे हात, सुकडी, रेशनवरची लाल मिलो. त्या वर्षी गाव सोडून कामावर गेलेल्यांच्या तळांवर एखादा ट्रान्झिस्टर असे आणि त्याभोवती माणसे. काम कुठे निघणार, धान्य कधी येणार, पाऊस कुठवर आला, हे ऐकण्यासाठी. रेडिओने दुष्काळ हटवला असे मी म्हणणार नाही. पण संकटात माणसाला पहिली भूक खात्रीच्या बातमीची असते, आणि ती रेडिओने भागवली.

हीच गोष्ट ३० सप्टेंबर १९९३ला अधिक भयाण रूपात आली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावे झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे दगावली. वीज नाही, फोन नाही, आणि घराच्या भिंतीवर कुणाचा विश्वास उरला नाही. पुढचे कित्येक दिवस आपण मुरुडलाही उघड्यावर झोपलो. आज रात्री मोठा हादरा येणार, अमुक वाजता येणार, अशा अफवा गल्लीगल्लीत. अशा वेळी सेलवर चालणारा, तारेशिवाय, खांबाशिवाय पोचणारा आवाज किती मोलाचा असतो! त्या आवाजाने धीर धरून सांगितलेले एक खरे वाक्य शंभर अफवांना पुरून उरते. म्हणून मध्यम लहर म्हणजे जुनी मागासलेली तंत्रविद्या, असे कुणी म्हणाले की मी त्याला किल्लारीची आठवण करून देतो.

नव्वदच्या दशकापासून काळ झपाट्याने बदलला. घरोघर टीव्ही आले. नांदेड, बीड, धाराशिव इथे आकाशवाणीची एफएम केंद्रे आली. आवाज स्वच्छ, पण एफएमची लहर नजरेच्या टप्प्यातच चालते, टेकडी आडवी आली की अडते. मग मोबाईल आला आणि रेडिओचा वेगळा डबा घरातून गेला. ट्यूबलाइट, चार्जर, मोटारी यांच्या खरखरीने मध्यम लहर ऐकणेच अवघड झाले. मोठे प्रक्षेपक विजेचा खर्च मागतात, जुन्या यंत्रांचे भाग मिळत नाहीत. गेल्या काही वर्षांत देशभरातले अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद करण्यात आले.

यात कारभाराच्या हिशेबाची बाजू मी समजू शकतो. पण हिशेब करताना एक रकाना कोरा राहतो. राज्यभर एकच कार्यक्रम वाजवणे स्वस्त पडते. मात्र लातूरच्या आडतीत तुरीचा भाव किती निघाला, उदगीरकडे गोगलगाय सोयाबीनवर कशी चढली, मांजरा धरणात पाणी किती, हे राज्यभरच्या कार्यक्रमात मावत नाही. मोबाईलवर माहितीचा पूर आहे, हे खरे. पण त्या पुरात बियाण्याची खोटी जाहिरात आणि विद्यापीठाचा सल्ला एकाच रंगात दिसतात. सांगणाऱ्याला चुकीबद्दल जाब विचारता येईल, तो तोंड चुकवून जाऊ शकणार नाही, इतका तो जवळ असणे ही शेतकऱ्याची आजची गरज आहे.

मग करायचे काय? नुसते हळहळून चालणार नाही. तीन कामे सांगतो.

पहिले काम आठवणी जमा करण्याचे. या पंचक्रोशीत परभणीवर गायलेले, बोललेले, प्रश्न पाठवलेले लोक आजही आहेत. त्यांच्याकडे करारपत्रे आहेत, छायाचित्रे आहेत, कुणाच्या कपाटात ध्वनिफिती बुरशी खात पडल्या आहेत. फितीचे आयुष्य आता फार नाही. येत्या वर्षात महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन ही माणसे बोलती करावीत आणि फिती संगणकावर उतरवून घ्याव्यात.

दुसरे काम आकाशवाणीकडे मागणी करण्याचे. आपल्या केंद्रांवरचा स्थानिक वेळ कमी होऊ नये, शेतीच्या कार्यक्रमात इथलाच आवाज असावा, जुन्या ध्वनिमुद्रणांचा ठेवा लोकांना ऐकायला मिळावा. ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांनी, सही-शिक्क्यानिशी गेली पाहिजे. पोस्टकार्डांनी केंद्र चालवणारे श्रोते आपण. पत्र लिहिण्याची सवय पुन्हा लावून घेऊ.

तिसरे काम सर्वात अवघड आणि सर्वात आपल्या हातातले. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो देणाऱ्या पीठाचे नेतृत्व न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी केले होते. त्यानंतर २००६च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची वाट मोकळी केली. पन्नास वॅटचा छोटा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा. आपल्याच दख्खनच्या पठारावर, झहीराबादजवळच्या माचनूरमध्ये, दलित शेतकरी बायकांनी २००८पासून ‘संघम रेडिओ’ चालवला आहे. पारंपरिक बियाणे, ज्वारी-बाजरीची शेती आणि स्वतःची गाणी हा त्यांचा ऐवज. त्याच वर्षी साताऱ्याच्या म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला. मुरुड मोठ्या बाजाराचे गाव, भोवती पंधरा किलोमीटरमध्ये डझनावारी वाड्या-वस्त्या. माचनूरच्या बायकांना जे जमले ते आपल्याला का जमू नये?

अडचणी आहेत. परवान्याची कागदपत्रे, वीज, रोज कार्यक्रम तयार करणारी माणसे, आणि बातम्या स्वतः देण्यावरची बंधने. यातली माणसांची अडचण सर्वात मोठी, आणि तिचे उत्तर १९५६च्या श्रोतेमंडळांत आहे. आधी प्रक्षेपक घेऊ नका. आधी मंडळ उभे करा. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस जणांनी जमावे, त्यांत निम्म्या बाया असाव्यात, सालगडी आणि कुळवाडी दोघे असावेत. गावाचा एक प्रश्न घ्यावा, जाणत्याला बोलवावे, जे ठरले ते लिहून काढावे. असे सहा महिने चालले तर तुमच्याकडे केंद्राचे कार्यक्रम, निवेदक आणि श्रोते हे तिन्ही तयार असतील. प्रक्षेपक ही नंतर विकत घेण्याची वस्तू आहे.

परभणी केंद्राने आपल्याला ऐकायला शिकवले आणि आपल्या भाषेत बोलले तरी चालते हे दाखवले. त्या ऋणाची परतफेड कौतुकाच्या भाषणाने होणार नाही, माझ्याही नाही. या सभागृहातून बाहेर पडताना दाराशी एक वही ठेवलेली असेल. ज्यांना पहिल्या मंडळात बसायचे आहे त्यांनी तिच्यात नाव लिहावे. पहिली बैठक याच सभागृहात भरवावी, आणि पहिला प्रश्न यंदाच्या पेरणीचा घ्यावा, ही संयोजकांना माझी जाहीर विनंती आहे.